मत देणार नाही म्हणालास, त्यावर

चि. सोन्यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, "आई, मी प्रायमरीत मत देणार नाही. कोणीही आला तरी बॉम्ब पडायचे ते पडतातच." मध्येच बाबांनी फोन घेतला आणि पक्षाचा उमेदवार ठरवायच्या त्या मतदानाचा विषय तिथेच राहिला. माझ्या मनातून काही तो जाईना, म्हणून लिहायला बसले.

तुझा राग मला पटतो. तू जन्मलास तेव्हा इराक आणि अफगाणिस्तान, दोन्हीकडे युद्ध चालू होतं. काबूलहून शेवटचं अमेरिकन लष्करी विमान उडालं तेव्हा तू मिडल स्कूलमध्ये होतास. तुमच्या पिढीने युद्ध नसलेला देश पाहिलाच नाही म्हटलं तरी चालेल. माझ्याबरोबर रात्रपाळी करणाऱ्या एका नर्सच्या मुलाने कॉलेजची फी निघावी म्हणून नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे राज्याच्या राखीव सैन्यात, नाव घातलं होतं. पूर आला, वादळ झालं की मदतीला जायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. त्याला इराकला धाडलं. तो परत आला, पण आजही फटाके वाजले की तळघरात जाऊन बसतो. चार जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, ती कधी रात्रपाळी घेत नाही.

पण बाळा, या रागाला खरी धार असते ती प्रायमरीतच. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत समोर दोनच मोठे पक्ष असतात, आणि युद्धाच्या बाबतीत दोघांचं बऱ्याचदा एकमत असतं. प्रायमरीत मात्र पक्ष न सोडता आपल्याच पक्षाच्या माणसाला "पुरे" म्हणता येतं. आपल्या न्यू हॅम्पशायरने हे एकदा करून दाखवलंय.

मार्च १९६८. व्हिएतनाममध्ये कम्युनिस्ट फौजांनी केलेल्या टेटच्या मोठ्या हल्ल्यांना जेमतेम दीड महिना झाला होता. जॉन्सन राष्ट्राध्यक्ष होते आणि त्यांच्याविरुद्ध उभे होते त्यांच्याच पक्षाचे, मिनेसोटाचे सिनेटर युजीन मॅकार्थी. त्यांना कोणी हिशेबातसुद्धा धरत नव्हतं. कॉलेजची मुलं, तुझ्याच वयाची, म्हाताऱ्या मतदारांनी दार उघडावं म्हणून दाढ्या काढून, केस कापून इथे आली आणि थंडीत घरोघर फिरली. १२ मार्चला जॉन्सन जिंकले, पण ४९ टक्के विरुद्ध ४२. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला त्यांनी टीव्हीवर सांगितलं की मी पुन्हा उभा राहणार नाही.

पुढचंही सांगते, नाहीतर अर्धीच गोष्ट सांगितली असं होईल. नंतरच्या अभ्यासात असं दिसलं की मॅकार्थींना मत देणाऱ्यांत पुष्कळ जण असेही होते ज्यांना जॉन्सन युद्धात कमी पडताहेत असं वाटत होतं. राग एकच, अर्थ दोन. उन्हाळ्यात पक्षाच्या शिकागोच्या अधिवेशनात उमेदवारी मिळाली ती जॉन्सनच्या उपराष्ट्राध्यक्षांना, ह्युबर्ट हम्फ्रींना, ज्यांनी एकही प्रायमरी लढवली नव्हती. नोव्हेंबरात दुसऱ्या पक्षाचे निक्सन आले आणि अमेरिकन सैन्य व्हिएतनाममधून बाहेर पडायला १९७३ उजाडलं.

म्हणूनच नुसत्या रागाने भागत नाही असं मला वाटतं. काय हवंय ते नेमकं मागावं लागतं.

ओबामांचंच घे. २००२ मध्ये सिनेटने ७७ विरुद्ध २३ मतांनी इराक युद्धाला परवानगी दिली. हिलरी क्लिंटन होकार देणाऱ्यांत होत्या. आपल्या राज्याचे तेव्हाचे दोन्ही सिनेटरही. ओबामांनी त्याच महिन्यात शिकागोच्या सभेत विरोध केला होता, आणि २००८च्या प्रायमरीत तो विरोध त्यांच्या फार कामी आला. तेच ओबामा २०११ मध्ये काँग्रेसची, म्हणजे अमेरिकेच्या संसदेची, परवानगी न घेता लिबियावर विमानं पाठवून मोकळे झाले. परवानगीशिवाय लढायची साठ दिवसांची कायदेशीर मुदत उलटली, तर म्हणे याला युद्ध म्हणताच येत नाही.

दुसऱ्या बाजूलाही तेच. फेब्रुवारी २०१६ मध्ये साउथ कॅरोलिनातल्या वादसभेत ट्रम्प म्हणाले, इराक ही घोडचूक होती. लष्करी कुटुंबांनी भरलेलं ते राज्य, सभागृहात हुर्यो उडाली. आठवड्याभराने तेच तिथे जिंकले आणि त्याच रात्री जेब बुश, म्हणजे इराक युद्ध सुरू करणाऱ्या बुशचे भाऊ, शर्यतीतून बाहेर पडले. मग जून २०२५ मध्ये ट्रम्प यांनीच काँग्रेसला न विचारता इराणच्या फोर्डो, नतान्झ आणि इस्फहानच्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले.

कालच्या युद्धाला विरोध करायला काय लागतं? उद्याचं युद्ध सुरू करायचा अधिकार सोडायला मात्र यांच्यातला कोणी तयार नसतो. राज्यघटनेने तो अधिकार काँग्रेसला दिलाय. काँग्रेसने रीतसर युद्ध पुकारलं ते शेवटचं १९४२ मध्ये. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर तिने लष्करी बळ वापरायची परवानगी देणारा जो ठराव केला, त्याच्या आधारावर पुढे सोमालियापासून सीरियापर्यंत कारवाया झाल्या. तेव्हा प्रतिनिधीगृहात ४२० विरुद्ध १ असं मतदान झालं होतं. ते एक मत कॅलिफोर्नियाच्या बार्बरा ली यांचं. त्यांना धमक्या आल्या, संरक्षण घ्यावं लागलं, पण त्या मागे हटल्या नाहीत. मला या बाईंबद्दल फार आदर आहे.

मागच्या खेपेला ती नर्स मला एका उमेदवाराच्या सभेला घेऊन गेली होती. शाळेचा जिम, घडीच्या खुर्च्या, शंभरेक माणसं. तिने उभं राहून विचारलं, "सैन्य पाठवण्याआधी काँग्रेसमध्ये मतदान घ्याल का? हो की नाही?" त्यांनी तिच्या मुलाचे आभार मानले, सैन्याचं कौतुक केलं, जग किती धोक्याचं झालंय ते सांगितलं. ती खाली बसली नाही. बोलून झाल्यावर पुन्हा म्हणाली, "हो की नाही?" त्यांनी पुढच्या हाताकडे बोट केलं. उत्तर मिळालं नाही, पण त्या जिममधल्या प्रत्येकाला ते कळलं.

मत न देण्यापेक्षा तू असं कर. तुझी कुठल्या पक्षात नोंद नाही, त्यामुळे आपल्याकडे तुला दोन्हीपैकी कुठलीही मतपत्रिका मागता येते. मत देऊन झालं की तिथेच अर्ज भरून पुन्हा अपक्ष हो. नोंदणीसाठी पासपोर्ट लागला तर माझ्या कपाटात वरच्या कप्प्यात आहे. सभा सुरू झाल्या की दोन्ही पक्षांच्या ऐक. जे आधी सिनेटमध्ये किंवा प्रतिनिधीगृहात होते त्यांनी युद्धाच्या ठरावांवर काय मत दिलं ते आधी शोधून ठेव, आणि तिचाच प्रश्न विचार. जमलं तर मीही येईन, रजा टाकते. पुढच्या रांगा लवकर भरतात, तेव्हा अर्धा तास आधी पोचू.

जेवणाची हेळसांड करू नकोस. बाबांना फोन कर.

तुझी,
आई