फलक नको, पोथी हवी

समुद्री कासवे अंडी घालतात त्या किनाऱ्यांवर आणखी सूचनाफलक लावावेत, ही आपल्या अंकातील लेखामधील सूचना वाचली. हेतू चांगला आहे. पण फलक मोठी माणसेही वाचत नाहीत, मुले तर नाहीतच. गेल्या हंगामात तिन्हीसांजेला पिल्ले समुद्राकडे निघाली असताना एका वडिलांनी लेकीला नीट दिसावे म्हणून मोबाइलचा टॉर्च लावला. दोन पिल्ले लगेच उजेडाकडे वळली. 'प्रकाश टाकू नये' हा फलक त्यांच्यापासून चार हातांवर होता! पाण्यावरच्या उजेडावरून पिल्लू समुद्राची दिशा ओळखते, हे त्या बाप-लेकीला कोणी सांगितलेच नव्हते.

सांगण्याची रीत आपल्याकडे आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर समाजातील कलावंत चित्रकथीत एकेक चित्र समोर धरून वीणा, हुडुक, टाळांच्या साथीने रामायण-महाभारतातील आख्याने लावतात. याच परंपरेतील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. तशीच कासवाची एक पोथी, म्हणजे कथाचित्रांचा संच, व्हावी. रात्री वाळूत शंभरेक अंडी पुरून परतणारी मादी, वास काढत येणारी कुत्री-कोल्ही, दीड-दोन महिन्यांनी वर येणारी पिल्ले. खाडीतल्या पांढरी चिप्पी या झाडालाही त्यात एक पान द्यावे. २०२० पासून ती आपला राज्य कांदळवृक्ष आहे, हे किती घरांत ठाऊक आहे?

वन विभागाने फलकांच्या खर्चातील काही रक्कम या कलावंतांना द्यावी आणि पहिले आख्यान येत्या हंगामात वेळासच्या किनाऱ्यावर, पिल्ले सोडण्याआधी लावावे.

— एक वाचक, रत्नागिरी