आजारी विद्यार्थ्याने समक्ष यावे, हा कसला नियम?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बोगस वैद्यकीय प्रमाणपत्रांना आळा घालण्यासाठी आजारपणामुळे परीक्षा बुडवणाऱ्यांचे नियम आणखी कडक करणार, ही बातमी कालच्या अंकात वाचली. अधिकारी काय म्हणाले ते त्यात आहे, प्राध्यापक काय म्हणाले तेही आहे. खरोखर आजारी पडलेल्या एकाही विद्यार्थ्याचे म्हणणे नाही. ते घरातून पाहिलेला एक बाप म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझ्या मुलीला पदवीच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा चालू असतानाच कांजिण्या आल्या. रात्री ताप चढला आणि सकाळी पाठीवर, मानेवर पाणी धरलेले फोड दिसले. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत कांजिण्यांची लागण दुसऱ्याला होऊ शकते आणि गरोदरपणात ती फार धोक्याची ठरू शकते. आमच्या डॉक्टरांनी तिला घराबाहेर काढू नका असे बजावले आणि तसे लिहूनही दिले. ते पत्र घेऊन मी त्याच दिवशी परीक्षा विभागात गेलो. खिडकीतल्या गृहस्थांनी पत्र पूर्ण वाचले आणि विचारले, "विद्यार्थिनी कुठे आहे?" मी म्हटले, "घरी आहे. तेच लिहिलंय ना त्यात." त्यांनी काचेला आतून चिकटवलेल्या सूचनेवर बोट ठेवले. अर्ज विद्यार्थ्याने समक्ष द्यावा, सोबत सिव्हिल सर्जनचे प्रमाणपत्र जोडावे, मुदतीनंतर आलेला अर्ज विचारात घेतला जाणार नाही. मी हटलो नाही तेव्हा आत साहेबांकडे पाठवले. साहेब म्हणाले, मुलीला घेऊन या, वेगळ्या खोलीत बसवू. त्या खोलीत पर्यवेक्षणाला येणाऱ्या बाई गरोदर असल्या तर काय करायचे, असे मी विचारले. त्यावर त्यांनी पुढची फाईल उघडली.

खपल्या धरल्यावर मुलीला सरकारी रुग्णालयात नेले. तिथल्या डॉक्टरांनी तपासून सांगितले, आज ही बरी आहे. परीक्षेच्या दिवशी तिची अवस्था काय होती हे मी पाहिलेले नाही, मग लिहून कसे देऊ? त्यांचे बरोबरच होते. विद्यापीठाला हवे असलेले प्रमाणपत्र प्रामाणिक डॉक्टर देऊ शकत नाही आणि देऊ शकतो तो प्रामाणिक नसतो, अशी ही रचना आहे. फाटकाबाहेर एकाने मला गाठून "करून देतो" असे सुचवलेही. मी नकार दिला. मुलीच्या गुणपत्रिकेत राहिलेल्या पेपरांपुढे 'गैरहजर' लागले, आणि गैरहजर म्हणजे नापास. पुढच्या सत्रात तिने ते पेपर दिले, चांगल्या गुणांनी सोडवले. तोवर पदव्युत्तर प्रवेश आटोपले होते. पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण, असे आता तिला कुठल्याच अर्जात लिहिता येत नाही. परीक्षा शुल्क पुन्हा भरून घेतले ते वेगळेच.

बोगस प्रमाणपत्रे पकडायची असतील तर जरूर पकडा. त्याची सोय आधीपासून आहे. डॉक्टरांच्या व्यावसायिक वर्तनाविषयीच्या २००२ च्या नियमावलीनुसार प्रत्येक डॉक्टरने दिलेल्या प्रमाणपत्रांची नोंदवही ठेवायची असते, रुग्णाची ओळखखूण त्यात लिहायची असते, प्रमाणपत्राची प्रत जपायची असते. खोटे प्रमाणपत्र देणाऱ्याचे नाव वैद्यक परिषदेच्या नोंदणीतून काढून टाकता येते. शंका आली तर विद्यापीठाने त्या डॉक्टरकडे नोंदवही मागावी. तापाने फणफणलेल्या पोरीला रांगेत उभे करून काय सिद्ध होते?

आणि फेरपरीक्षा घेणे अशक्य आहे, हे मला कोणी सांगू नये. करोनाच्या काळात ६ जुलै २०२० रोजी विद्यापीठ अनुदान आयोगानेच सांगितले होते की अंतिम वर्षाचा विद्यार्थी कोणत्याही कारणाने परीक्षेला बसू शकला नाही तर त्याला विशेष परीक्षेची संधी द्यावी, म्हणजे त्याचे नुकसान होणार नाही. कोणत्याही कारणाने! ही मुभा फक्त त्या वर्षापुरती होती, एवढीच खंत. साथ सगळ्या देशात आली तेव्हा जे सुचले ते एकट्या विद्यार्थ्याच्या आजारपणात का सुचू नये? निकालानंतर महिनाभरात राहिलेल्या पेपरांची फेरपरीक्षा घ्या, अर्ज ईमेलने किंवा पालकांच्या हातून स्वीकारा, आणि तो प्रयत्न पहिलाच धरा. यापेक्षा जास्त काही मागणे नाही.

आता आपल्या वृत्तपत्राबद्दलही एक तक्रार आहे. दर परीक्षेच्या हंगामात 'सलाईन लावून दिला पेपर' अशा मथळ्याखाली मुलांचे फोटो छापून येतात आणि त्यांच्या जिद्दीचे कौतुक होते. त्या मुलाला जिद्दीने नव्हे, वर्ष जाईल या भीतीने तिथे बसवलेले असते. डेंग्यूत साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरू लागतो आणि नेमका तेव्हाच धोक्याचा काळ सुरू होतो. रक्तदाब कोसळू शकतो, रक्तस्राव होऊ शकतो. ताप उतरला म्हणून मूल पेपरला निघते आणि आईवडीलही रिक्षात बसवून देतात, कारण असे फोटो त्यांनी पाहिलेले असतात. पुढच्या वेळी असा फोटो आला तर तो छापण्याआधी आपल्या बातमीदाराला त्या केंद्रावर पाठवावे आणि या मुलाला घरी राहू देणारा नियम तुमच्याकडे का नाही, असे तिथल्या अधिकाऱ्यांना विचारायला सांगावे. त्यांचे उत्तर छापा.

आपला,
एक पालक