शिकागोहून मावशीला: पिल्सनचा सण आणि अमातेची चित्रं

शिकागो,
९ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप मावशीस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मागच्या रविवारी आपलं बोलणं अर्धवट राहिलं, कारण मला पिल्सनला जायची घाई होती. "मेक्सिकन लोकांच्या पितरांच्या सणात तुझं काय काम?" असं तू विचारलंस. फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून आज निवांत लिहायला बसले आहे.

पिल्सन हा इथला जुना कामगार मोहल्ला. नाव चेक लोकांनी आपल्या प्लझेन शहरावरून ठेवलेलं, पण गेली साठेक वर्षं तिथे मुख्यतः मेक्सिकन कुटुंबं राहतात. एटीन्थ स्ट्रीटच्या स्टेशनात उतरलं की जिन्यापासूनच रंगवलेल्या भिंती सुरू होतात. जवळच हॅरिसन पार्कमध्ये नॅशनल म्युझियम ऑफ मेक्सिकन आर्ट आहे. तुला हे ऐकून बरं वाटेल की ते उभं केलं ते शाळेतल्या शिक्षकांनी. १९८२ साली कार्लोस तोर्तोलेरो आणि त्यांच्या बरोबरच्या शिक्षकांनी ९०० डॉलरच्या भांडवलावर काम सुरू केलं आणि १९८७ मध्ये दार उघडलं. तिकीट तेव्हाही नव्हतं, आजही नाही. त्यामुळे बाबागाडी ढकलत आलेली आई, भाजीच्या पिशव्या घेऊन आलेल्या आज्या, शाळा सुटल्यावर घुसलेली पोरं, सगळे आत असतात. कोणी कुजबुजत बोलत नाही. मला ते फार आवडतं.

तिथे १९८७ पासून दरवर्षी मृतांच्या सणाचं प्रदर्शन भरतं. गौरीच्या आराशीसारख्या चढत्या पायऱ्या, त्यावर गेलेल्या माणसाचा फोटो, पाणी, मीठ, पाव, त्याच्या आवडीचे पदार्थ आणि सगळीकडे झेंडू. झेंडू मूळचा तिकडचाच, आपण दसऱ्याला त्याची तोरणं बांधतो तो समुद्रापलीकडून आलेला पाहुणा आहे. धुपाला कोपाल नावाचा डिंक जाळतात. ते झाड आपल्या गुग्गुळाच्या कुळातलं, त्यामुळे वास ओळखीचा वाटतो. वर पातळ कागदाच्या नक्षीदार पताका असतात, त्यांना पापेल पिकादो म्हणतात. पुएब्ला राज्यातलं सान साल्वादोर उइश्कोलोत्ला हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथले कारागीर कात्री वापरत नाहीत. कागदांची चळत शिशाच्या पाटावर ठेवून छिन्नी-हातोडीने एकदम सगळ्या कागदांतून नक्षी पाडतात. शंकरपाळ्याच्या जाळीपेक्षाही बारीक काम असतं ते.

पण मी तुला सांगणार आहे ते या सणाच्या निमित्ताने जमणाऱ्या माणसांबद्दल. इथे मेक्सिकोची लोककला हौसेने जमवणारे बरेच जण आहेत. त्यात निवृत्त नर्स आहेत, बस चालवणारे आहेत, पिल्सनमध्येच जन्मलेली तरुण मुलं आहेत. या दिवसांत ते कोणाच्या तरी घरी जमतात, प्रत्येकाने आपल्याकडची एक वस्तू आणायची आणि ती कुठली, कोणी केली, कशासाठी केली ते सांगायचं. मी ज्या घरी गेले तिथे जेवणाच्या टेबलावरची ताटं बाजूला सारून वस्तू मांडल्या होत्या.

त्यात एक काळा चकचकीत कुंभ होता, वाहाका राज्यातल्या सान बार्तोलो कोयोतेपेक गावचा. त्या गावची जुनी भांडी राखाडी असायची, चांगली भाजलेली, पाण्याला आणि मेस्कालच्या दारूला वापरायची. १९५०च्या सुमारास दोन्या रोसा नावाच्या कुंभारणीने कच्चं भांडं गारगोटीने घासून, जरा कमी आचेवर भाजून पाहिलं आणि ही काळी झिलई निघाली. लोक वेडे झाले. सगळं गाव त्यावर जगू लागलं. मात्र या झिलईच्या भांड्यात पाणी टिकत नाही, ते मांडून ठेवायचंच भांडं आहे. कुंभ आणणाऱ्या बाई हे सांगताना जराही खट्टू नव्हत्या. त्यांच्या मते गिऱ्हाईक बदललं तशी कुंभारीण बदलली, आणि ते तिचं शहाणपण. मला ते पटलं.

रंगीत लाकडी प्राण्यांचंही तसंच. त्यांना अलेब्रिहे म्हणतात आणि पुष्कळांना ती प्राचीन परंपरा वाटते. प्रत्यक्षात मेक्सिको सिटीतल्या पेद्रो लिनारेस या कागदाच्या लगद्यावर काम करणाऱ्या कारागिराने १९३६ मध्ये तापाच्या ग्लानीत असे पंखवाले, शिंगवाले प्राणी पाहिले असं तो सांगे, आणि मग ते घडवायला लागला. वाहाकाच्या गावांनी ते पुढे कोपालच्या लाकडात आणले. शंभर वर्षंसुद्धा झालेली नाहीत, तरी त्या कलेवर किती घरं उभी राहिली!

सगळ्यात जास्त वेळ मात्र एका चित्रापाशी गेला, आणि तिथे मला सारखी तुझी आठवण येत होती. तपकिरी, खरखरीत कागदावर गावाचं चित्र: मक्याची कापणी, लग्नाची वरात, देवळापुढे उडणारे फटाके, नदीतले मासे, सगळं एकाच कागदात, वर-खाली दाटलेलं. कागदाला अमाते म्हणतात. पुएब्लातल्या सान पाब्लितो गावचे ओतोमी लोक तो झाडाच्या सालीपासून करतात. जुन्या काळी त्यासाठी वापरायची ती झाडं वड-उंबराच्या कुळातली. साल चुन्याच्या किंवा राखेच्या पाण्यात उकळायची, पट्ट्या फळीवर आडव्या-उभ्या मांडायच्या आणि दगडाने चेचत एकजीव करायच्या. स्पॅनिश राज्यात या कागदावर बंदी आली, कारण तो देवकार्याला लागायचा. सान पाब्लितोच्या भगतांनी तो टिकवला. ते आजही त्यातून बियांच्या देवतांच्या आकृत्या कापतात.

चित्रं काढणारे मात्र दुसरेच लोक, गेरेरो राज्यातले नाहुआ. आमेयाल्तेपेक गावात ते मडकी रंगवायचे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला मेक्सिको सिटीत वस्तू विकायला गेलेल्या या मंडळींना तिथल्या काही कलाप्रेमींनी सान पाब्लितोचा कागद दिला, आणि मडक्यावरचे पक्षी, फुलं कागदावर आली. मडकी वाटेत फुटायची, कागद गुंडाळून नेता येई. दोन वेगळ्या जमाती, दोन वेगळ्या भाषा, आणि एका बाजारातून जन्मलेली एक कला.

मावशी, हे वाचताना तुला आपल्याकडचा वारल्यांचा कलंबीपाडा आठवला असेल. लग्नाच्या आधी सवाशिणींनी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढायचा देवचौक, आणि मग १९७०च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी कागद घेऊन आल्यावर त्या पाड्यातल्या जिव्या सोमा मशेंच्या हातात आलेली तीच रेषा. फक्त दहा वर्षांचं अंतर, आणि एकमेकांची काही खबर नसताना! तू नेहमी म्हणतेस की कागदावर आली तेव्हाच वारली कला बाजारात बसली. मला असं वाटत नाही, आणि याचं कारण अमातेनेच मला दाखवलं.

१९९०च्या सुमारास बाल्सास नदीवर सान हुआन तेतेल्सिंगोचं धरण बांधायचं ठरलं. नाहुआंची गावं, शेतं, थडगी पाण्याखाली जाणार होती. तेव्हा ज्या हातांनी पर्यटकांसाठी वराती आणि कापण्या रंगवल्या, त्याच हातांनी अमातेवर धरणाविरुद्धची चित्रं काढली. आंदोलन झालं आणि धरण रद्द झालं. अर्थात ते लोकांच्या एकजुटीने झालं, चित्रांनी एकट्याने नव्हे, पण विकण्यासाठी शिकलेली चित्रभाषा त्यांच्या उपयोगी पडली. १९९५ साली पिल्सनच्या याच संग्रहालयाने अमातेचं मोठं प्रदर्शन भरवलं होतं.

त्या दिवशीच्या चित्रावर सही नव्हती. एका निवृत्त शिक्षिकेने ते तरुणपणी रस्त्यावर घेतलं होतं. तिथे एक मुलगा होता, त्याचे आईवडील गेरेरोचे. त्याने चित्रातलं देऊळ, वाजंत्री, वरातीतला बैल सगळं उलगडून सांगितलं, पण काढणाऱ्याचं नाव त्यालाही सांगता येईना. बाई म्हणाल्या, "पैसे देताना नाव विचारायला किती वेळ लागला असता?" म्हणूनच आता या मंडळींनी पक्कं ठरवलंय की नाव आणि गाव विचारल्याशिवाय वस्तू घ्यायची नाही, आणि करणारा समोर असेल तर घासाघीस करायची नाही. मला यापेक्षा चांगला नियम सुचत नाही.

मुखवट्यांबद्दलही बरंच बोलणं झालं. खरे संग्राहक 'नाचलेला' मुखवटा शोधतात, ज्याच्या आतल्या बाजूला घामाचे डाग असतात, दोरी घासून भोकं रुंद झालेली असतात. ही मागणी वाढली तेव्हा १९७०च्या दशकात गेरेरोमध्ये कधीच न नाचलेले मुखवटे जुने करून, त्यांना खोट्या नाचांच्या गोष्टी चिकटवून विकले गेले, आणि ते भल्याभल्यांच्या संग्रहात पोहोचले. म्हणजे नुसतं 'जुनं' मागणाऱ्याला बाजार जुनं बनवून देतो. मुखवटा कोणी केला आणि कोणत्या गावात कोणी घालून नाचला, एवढं विचारणाऱ्याला फसवणं अवघड जातं.

म्हणून तुझ्याकडे एक काम आहे. पडवीत टांगलेले जव्हार-मोखाड्याचे बोहाड्याचे, त्या सोंगांच्या उत्सवातले, मुखवटे एकेक करून उतरव. रावण कोणाच्या हातचा, नरसिंह कोणी केला, कोणत्या साली कोणत्या पाड्यात ते सोंग निघालं, हे तुलाच ठाऊक आहे, काकांनाही पूर्ण ठाऊक नाही. चिठ्ठी चिकटवू नकोस, गळून पडते. आतल्या बाजूला पक्क्या शाईने लिही. ज्यांची नावं आठवत नसतील त्यांच्यासाठी कोणाला तरी घेऊन मोखाड्याला जा, अजून विचारता येण्यासारखी म्हातारी माणसं आहेत तिथे. इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या दोघी माझ्याबरोबर पिल्सनला आल्या होत्या. मंडळ १९६९ पासूनचं आहे, कार्यक्रम दणक्यात होतात, पण स्टॉलवरच्या वारली चित्राखाली चित्रकाराचं नाव आम्ही कधी पाहिलं नाही. पुढच्या वर्षी त्या दोघी आणि मी मिळून एक टेबल लावायचं म्हणतोय, प्रत्येक चित्राखाली काढणाऱ्याचं नाव आणि पाडा लिहून. चित्रं वारल्यांच्या गंजाड गावाहूनच मागवू, किंमत ते सांगतील ती. तू मध्ये पडून बोलशील का?

जानेवारीत येते आहे. तुझ्या शाळेतल्या मुलांसाठी पताकांचे नमुने आणेन. छिन्नी तिकडच्या लोहाराकडून करून घे, अगदी बारीक, गोल आणि चपट्या तोंडाची. गुडघ्याचं तेल संपलं का ते कळव.

काकांना नमस्कार, छोट्यांना आशीर्वाद.

तुझी,
मुक्ता