गावच्या जैवविविधता नोंदवहीत शेतातली पिकं कुठं आहेत?

माननीय संपादक,
स. न.

आमच्या लातूर भागात आता खरीप म्हणजे सोयाबीन. मधे फार तर तुरीचे दोन तास, म्हणजे दोन ओळी. 2023 साली सोयाबीनवर पिवळा मोझॅक हा रोग आला, तेव्हा तो पसरवणाऱ्या पांढऱ्या माशीला एका शेतातून दुसऱ्यात जायला अडसरच नव्हता. पुढच्या वर्षी पीक हाती आलं, तर क्विंटलला 4,892 रुपये हमीभाव जाहीर असूनही बाजारात त्याच्या खालीच विकावं लागलं.

माझ्या लहानपणी आई पेरणीला तिफणीमागे चालत बी सोडायची. ओटीत तूर, मूग, तीळ, कारळं. ज्वारीचे काही तास झाले की एक मुगाचा, एक तुरीचा, आणि धुऱ्याकडेनं अंबाडी. मूग दोन-सव्वादोन महिन्यांत घरात यायचा. पावसानं दडी मारली तरी तुरीचं सोटमूळ खालची ओल धरून राहायचं. ज्वारीवर येणारी पाखरं दाण्याबरोबर अळ्याही टिपायची. कडबा बैलांना, अंबाडीचा वाख दोरखंडाला. यातलं एखादं पीक बुडायचं, घर बुडत नव्हतं.

ही पद्धत केवळ भावामुळं मोडली नाही. सोयाबीनवरचं तणनाशक ज्वारीला जाळतं. मधे ज्वारीचा एक तास असला की फवारता येत नाही आणि खुरपायला माणसं मिळत नाहीत. ही अडचण खरी आहे, मीही त्यातच आहे.

पण घरातून गेलेलं बी परत कुठून आणायचं? 2002 च्या जैवविविधता कायद्यानं गावोगाव समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातली झाडं, प्राणी, पिकं यांची नोंद, ठरवून दिली आहे. राष्ट्रीय हरित लवादानं त्यासाठी 31 जानेवारी 2020 ची मुदत घातली आणि वह्या भराभर भरल्या गेल्या. आमच्या गावच्या वहीत वड, पिंपळ, मोर आहेत. पिकं एका ओळीत उरकली आहेत. आईकडं राखेत घोळवून गाडग्यात ठेवलेली अंबाडी आणि मटकी अजून आहे. तिला कुणी विचारलंच नाही. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांना पद्मश्री मिळाली ती असंच गावठी बी जपल्याबद्दल, आणि 2022 मध्ये राज्यानं महाराष्ट्र जनुक कोशाला, म्हणजे इथली स्थानिक वाणं आणि प्रजाती जपायच्या प्रकल्पाला, मंजुरीही दिली. मग गावच्या वहीत पिकांना एकच ओळ का?

माझी मागणी एवढीच: गावातल्या जाणत्या बायांना बसवून पिकांची पानं पुन्हा भरावीत. प्रत्येक तालुक्यात मिश्र पेरणीची काही प्रात्यक्षिकं घ्यावीत आणि त्यांच्या खुरपणीची मजुरी रोजगार हमीतून द्यावी.

आई ऐंशीच्या घरात आहे. वहीचं काम यंदाच्या मृगाआधी व्हावं.

– एक शेतकरी, जि. लातूर