घरं मोजायच्या आधी गेडेस वाच

प्रिय चिऊ,

जुन्या वस्तीचं प्रोजेक्ट मिळालंय म्हणालीस, आणि रस्ता रुंद करायचा तर किती घरं पाडावी लागतील ते नकाशावर मोजतेयस हेही बोलता बोलता सांगितलंस, म्हणून मुद्दाम लिहितेय. थोडी थांब आणि आधी पॅट्रिक गेडेस वाच.

हा स्कॉटलंडचा माणूस, जन्म १८५४चा, मुळात बॉटनीवाला, पुढे नगररचनेत शिरला. १८८६मध्ये लग्न झालं आणि बायकोला, ॲनाला घेऊन एडिनबराच्या जुन्या, पार कळा गेलेल्या भागात, जेम्स कोर्टमध्ये राहायलाच गेला! शेजाऱ्यांना हाताशी धरून झाडलोट, रंगरंगोटी, रिकाम्या कोपऱ्यात झाडं, असं सगळं तिथे राहून केलं.

१९१४ला साठीचा असताना भारतात आला, तर जहाजाने पाठवलेलं त्याचं नगररचनेचं अख्खं प्रदर्शन एमडेन या जर्मन युद्धनौकेने बुडवलं. तरी नवं सामान जमवून १९१५ला मद्रासला प्रदर्शन लावलंच. मग गावोगावी गल्लीबोळांतून पायी फिरत रिपोर्ट लिहिले. सरसकट पाडापाडीला त्याचा ठाम विरोध, कारण हाकललेली माणसं दुसरीकडे जाऊन आणखी दाटीवाटीने राहतात. अगदीच मोडकळीला आलेलं तेवढं काढा, थोडी मोकळी जागा करा, बाकी दुरुस्त करा, ही त्याची पद्धत. मलेरियाच्या भीतीने तलाव बुजवायला निघालेल्यांना म्हणायचा, बुजवू नका, मासे आणि बदकं सोडा, डासांच्या अळ्या ते खातील.

इंदूरचं तर मला फारच आवडतं. प्लेगचे दिवस होते. गेडेसने दिवाळीत मिरवणूक ठरवली आणि जाहीर केलं की जो भाग सगळ्यात स्वच्छ असेल तिथूनच ती जाणार. झालं, लोकांनी आपणहून घरं झाडली, डागडुजी केली, गाड्या भरभरून कचरा बाहेर काढला. मिरवणुकीत सफाई कामगार पांढरेशुभ्र कपडे घालून, गळ्यात हार घालून मानाने चालले. लोकांना कामाला लावायची ही हातोटी मला कुठल्याही नकाशापेक्षा मोठी वाटते.

१९१७मध्ये मुलगा युद्धात मारला गेला आणि त्याच वर्षी ॲनाही वारली, इथेच भारतात. तरी इंदूरचा रिपोर्ट १९१८ला पूर्ण केला, पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवलं, १९२५ला तेल अवीवचा प्लॅन केला. कुठून आणत असेल एवढं बळ?

वस्तीत जाशील तेव्हा सकाळी पाण्याच्या वेळेला जा, बायका भेटतील, कुठलं घर खरंच पडायला झालंय ते त्या सांगतील. आणि इंदूर रिपोर्टचे दोन्ही खंड लायब्ररीत मिळाले तर मलाही दे वाचायला.

तुझी आई