गॅस भरण्याआधी दहा मिनिटे एमसीबी बंद ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाच्या पहिल्या गडगडाटात वीज चार-पाच वेळा गेली-आली की दुसऱ्या दिवसापासून गोव्यातल्या घराघरांतून एकच तक्रार येऊ लागते : एसी चालतो, पण हवा गार येत नाही. पाहायला आलेला माणूस आउटडोअरच्या, म्हणजे घराबाहेरच्या युनिटच्या, पाइपला हात लावतो आणि सांगतो, गॅस संपला. अडीच-तीन हजार रुपये मोजून गॅस भरला जातो आणि चतुर्थीला घर भरते तेव्हा खोली पुन्हा तापलेली असते. आम्ही याच कामातले आहोत, म्हणून स्पष्ट लिहितो. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तांब्याच्या बंद नळ्यांतून तोच गॅस वर्षानुवर्षे फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता भरलेला गॅस त्याच वाटेने निघून जाणार. शिवाय पुष्कळदा गॅस जिथल्या तिथे असतो आणि अडलेले असते भलतेच.

वीज गेल्या-आल्यावर नेमके काय होते ते आधी सांगतो. कॉम्प्रेसर, म्हणजे आउटडोअरमधला गॅस दाबून फिरवणारा पंप, बंद पडला की नळ्यांतल्या दोन बाजूंचा दाब समान व्हायला सुमारे तीन मिनिटे लागतात. त्याआधी वीज परत आली तर साध्या कॉम्प्रेसरला त्या दाबाविरुद्ध फिरावे लागते. तो घुमतो, तापतो आणि ओव्हरलोडवर बंद पडतो. इन्व्हर्टर एसीत (ज्याचा कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे वेग बदलतो) ही तीन मिनिटे पीसीबीच, म्हणजे आतले इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्डच, सांभाळतो, पण अर्धवट व्होल्टेजमध्ये आतल्या आणि बाहेरच्या पीसीबीमधला संवाद तुटतो आणि चूक मेमरीत अडकून बसते. रिमोटने बंद-चालू करून ती जात नाही, कारण रिमोटने बंद केलेल्या एसीच्या पीसीबीला वीज मिळतच असते.

म्हणून रीसेट असा करावा. इनडोअरवर एखादा कोड दिसत असेल किंवा दिवा लुकलुकत असेल तर आधी तो कागदावर लिहून घ्या, किती वेळा लुकलुकतो तेही मोजा. वीज तोडली की ही खूण पुसली जाते आणि मेकॅनिकचा अर्धा तास वाढतो. एकच ‘ई-वन’ दोन कंपन्यांत दोन वेगळे बिघाड दाखवतो, त्यामुळे शेजाऱ्याच्या एसीवरून अंदाज बांधू नका. मग रिमोटने बंद, स्टॅबिलायझर बंद, शेवटी एमसीबी, म्हणजे वीजबोर्डावरचा एसीचा मुख्य खटका, खाली. पूर्ण दहा मिनिटे थांबा. इन्व्हर्टरच्या पीसीबीवरचे मोठे कॅपॅसिटर रिकामे व्हायला तेवढा वेळ लागतो. एमसीबी पाडल्यावरही त्यांत तीनशे व्होल्टच्या आसपास साठा असतो, म्हणून आउटडोअरचे झाकण घरच्या माणसाने कधीही उघडू नये.

या दहा मिनिटांत रिमोटचे सेल काढा, दोन-तीन बटणे दाबून धरा आणि नवे सेल घाला. मोबाइलचा कॅमेरा रिमोटच्या टोकावर रोखून बटण दाबा : पडद्यावर जांभळट ठिपका चमकला तर रिमोट ठीक आहे. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही तर पुढच्यात बघा. आता एमसीबी वर करा, स्टॅबिलायझरच्या पडद्यावरचे व्होल्टेज पाहा आणि रिमोटवर मोड तपासा. हिमकणाचे चिन्ह म्हणजे कूलिंग, थेंबाचे म्हणजे ड्राय. ‘हॉट अँड कोल्ड’ एसीवर सूर्याचे चिन्ह असते आणि गोव्यात त्याची गरज जवळजवळ पडत नाही, पण मुलांच्या हातून ते दाबले गेले की मे महिन्यात खोलीत गरम वारा सुटतो. टायमरचा दिवा लागला असेल तर तो काढा. तापमान 18 वर, पंखा पूर्ण वेगावर. तीन ते पाच मिनिटांत रिलेचा ‘टक्’ आवाज येऊन आउटडोअर सुरू व्हायला हवे. रिमोट अजिबात चालत नसेल तर इनडोअरचे पुढचे झाकण वर केल्यावर उजवीकडे किंवा खालच्या कडेला एक छोटे बटण असते. त्यानेही एसी सुरू होतो.

रीसेट दिवसातून एकदा, फार तर दोनदा. त्यानंतरही तोच कोड येत असेल तर पुन्हा पुन्हा एमसीबी पाडू नका. जादा करंट किंवा जादा दाब यामुळे यंत्र स्वतःला थांबवत असते आणि प्रत्येक रीसेटने तुम्ही कॉम्प्रेसरला त्याच संकटात परत ढकलता. ईएलसीबी, म्हणजे करंटची गळती ओळखून वीज तोडणारा खटका, पडत असेल तर एकदाही जोर करू नका. भिजलेल्या टर्मिनलमधून किंवा वायरमधून करंट जमिनीत उतरतो आहे.

रीसेटने एसी सुरू झाला पण गारवा नाही, तर पहिली पाहणी फिल्टरची. रस्त्यालगतच्या घरात लाल मातीची धूळ पंधरा दिवसांत जाळी बुजवते. साध्या पाण्याने मागच्या बाजूने धुवा, सावलीत वाळवा. फिल्टरमागच्या कॉइलवर (गार होणाऱ्या नळ्यांच्या जाळीवर) बर्फ धरला असेल तर सुरीने खरवडू नका, नळी फुटली की मोठा खर्च आहे. फॅन मोडवर तासभर चालू द्या. बर्फ कुठे धरतो ते मात्र नीट पाहून ठेवा, कारण निदान तिथेच आहे. बुजलेल्या फिल्टरमुळे किंवा मंद ब्लोअरमुळे (आतल्या पंख्यामुळे) बर्फ संपूर्ण कॉइलभर पसरतो. गॅस कमी असेल तर तो कॉइलच्या एका भागातच धरतो, आउटडोअरच्या बारीक पाइपवर पांढरे दव गोठते आणि जाड पाइप जवळजवळ कोमट लागतो.

त्यानंतर मोजमाप. दारे-खिडक्या बंद करून पंधरा मिनिटे चालवा आणि साध्या थर्मामीटरने वर आत ओढली जाणारी हवा आणि खालून बाहेर येणारी हवा मोजा. फरक 8 ते 12 अंश असेल तर गॅस ठीक आहे, कोणी काहीही सांगो. जुलैच्या दमट हवेत हा फरक कमी भरतो, कारण एसीची बरीचशी ताकद हवेतले पाणी काढण्यात जाते. दीड टनाचा एसी अशा दिवसांत तासाला लिटरभर पाणी सहज टाकतो. इन्व्हर्टर एसीत खोली ठरवलेल्या तापमानाजवळ आली की कॉम्प्रेसर मंदावतो, म्हणून मोजताना 18 वरच ठेवा. फरक चांगला आहे तरी खोली गार होत नसेल तर दोष खोलीचा. कौलारू छपराच्या, वर माळा किंवा सीलिंग नसलेल्या जुन्या घरातल्या उंच खोलीला दीड टन पुरत नाही. तिथे गॅस भरणे म्हणजे पैसे वाया.

इनडोअरमधून पाणी टपकते तेव्हाही पुष्कळदा ‘सर्व्हिसिंग करा’ एवढेच सांगितले जाते. ड्रेन पाइप बाहेरून पाहा. त्यात शेवाळी चिकटा साचतो, किंवा कुंभारमाशी त्याच्या तोंडाशी मातीचे घर बांधते. महिनोन्‌महिने बंद राहणाऱ्या घरांत हे हमखास. माती काढा, बाहेरच्या टोकाला जुना कापड गुंडाळून व्हॅक्यूम क्लीनरने ओढा, मग ट्रेमध्ये कपभर पांढरा व्हिनेगर ओतून अर्ध्या तासाने दोन तांबे कोमट पाणी सोडा. पाइपला शेवटपर्यंत उतार हवा, आणि त्याचे टोक बादलीतल्या पाण्यात बुडालेले नको.

इनडोअरचा वारा येतो पण आउटडोअर गप्प आहे, किंवा बाहेरचा पंखा फिरतो आणि कॉम्प्रेसर काही सेकंद घुमून थांबतो, तर काम मेकॅनिकचे. साध्या एसीत संशय कॅपॅसिटरवर घ्यावा; दीड टनाला तो साधारण 35 ते 50 मायक्रोफॅरॅडचा असतो, डोके फुगलेला किंवा मोजल्यावर पाच टक्क्यांहून अधिक उतरलेला कॅपॅसिटर बदलायचा. इन्व्हर्टरमध्ये आत-बाहेर जाणारी वायर बघायची. ती मध्येच जोडून टेप गुंडाळलेली असेल तर खाऱ्या दमट हवेत तो जोड हिरवा पडतो आणि संवाद तुटल्याचा कोड येतो. पीसीबी बदलायला सांगण्याआधी तो जोड काढून अखंड वायर टाकून घ्या. नवा पीसीबी आणि चार मीटर वायर यांच्या किमतीतला फरक कुणालाही कळतो.

गॅस खरेच कमी असेल तर गळती दाखवा, असे हक्काने सांगा. फ्लेअर नटवर, म्हणजे पाइप युनिटला जोडणाऱ्या नटवर, तेलकट डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली की बहुतेक तिथूनच गॅस जातो, कारण गॅसबरोबर तेलही झिरपते. नट घट्ट करूनही साबणाच्या फेसात बुडबुडे येत असतील तर फ्लेअर (पाइपचे पसरट केलेले तोंड) नव्याने करावी लागते. कळंगुट, मोरजी, कोलवा, मिरामार अशा किनारपट्टीवर आउटडोअरची कॉइलच सडते. मीठ, ओल आणि एकमेकांना चिकटलेले तांबे व अॅल्युमिनियम एकत्र आले की फिन, म्हणजे नळ्यांवरच्या पातळ पट्ट्या, भुकटी होऊन झडतात आणि पुढे नळीला सुईच्या टोकाएवढी भोके पडतात. काम नीट झाले असे केव्हा म्हणावे? कोरड्या नायट्रोजनने दाब धरून पाहिला, गळती बुजवली, व्हॅक्यूम पंप किमान वीस-तीस मिनिटे चालवला आणि नेमप्लेटवर लिहिलेले ग्रॅम वजनकाट्यावर मोजून गॅस भरला, तर. व्हॅक्यूमऐवजी थोडा गॅस सोडून हवा हाकलणे ही चुकीची पद्धत आहे. आत राहिलेली ओल तेलाशी मिळून आम्ल बनवते. आर-32 हा एसीतला गॅस पेट घेऊ शकतो, म्हणून नळी तापवून जोडण्याआधी तो काढून घेतलाच पाहिजे. आर-22 च्या जुन्या यंत्रात दुसरा कोणताही गॅस घालू देऊ नका.

किनाऱ्याजवळच्या घरांनी महिन्यातून एकदा एमसीबी पाडून आउटडोअरची कॉइल गोड्या पाण्याने धुवावी. साध्या नळीने, हलक्या धारेने. गाड्या धुण्याच्या प्रेशर पंपाने फिन आडवे होतात आणि हवाच अडते. विहिरीचे पाणी मचूळ असेल तर नळाचेच घ्या.

आणि विजा कडाडू लागल्या की रिमोटवर न थांबता एमसीबीच खाली करा.

आपले,
एसी दुरुस्तीचे काम करणारे काही मेकॅनिक, बार्देश