लसीच्या रांगेत आईलाही विचारा

संपादक महोदय,

महापालिकेच्या प्रसूतिगृहात परिचारिका म्हणून माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. आता निवृत्त आहे, तरी लालबागच्या आमच्या चाळीतल्या बायका जिन्यात गाठून, आवाज खाली आणून एकच गोष्ट सांगतात : सिस्टर, शिंक आली की लघवी सुटते. बादली उचलली, जोरात हसू आलं, स्टेशनचा पूल भराभर चढला, की थेंब जातात. कुणी जुन्या सुती साडीची घडी लावते, कुणी लोकलचा प्रवास आहे म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाही. त्याने लघवी दाट होते, जळजळ वाढते, मूळ त्रास तसाच राहतो.

‘वय झालं, चालायचंच’ हे ऐकलं की जीव तुटतो. बाळंतपणात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ताणून सैल पडतात. पाळी गेल्यावर, वजन वाढल्यावर, जुनाट खोकल्याने, कुंथण्याने त्रास बळावतो. पहिला उपाय व्यायामाचा. वारा अडवताना जे स्नायू आत खेचले जातात तेच आवळायचे, काही सेकंद धरायचे, पूर्ण सोडायचे. एका वेळी किमान ८, दिवसातून ३ वेळा, निदान ३ महिने. श्वास रोखायचा नाही. पुष्कळजणी नेमकं उलटं करतात, खाली जोर देतात. म्हणून फिजिओथेरपिस्टने एकदा तपासून शिकवायलाच हवं. तेवढ्याने भागलं नाही तर योनीत बसवायची पेसरी, म्हणजे आतून आधार देणारी कडी, आहे, मूत्रनलिकेला आधार देणारी पट्टी बसवण्याची शस्त्रक्रिया आहे. पट्टी कृत्रिम जाळीची असेल तर ती कायमची राहते, तिचे धोके आधी विचारून घ्यावेत. घाईची लघवी लागून वाटेतच होते, तो प्रकार वेगळा आणि त्याचे उपचारही वेगळे. आणि गर्भाची पिशवी काढणं हा यावरचा इलाज नाही, हे मी प्रत्येकीला बजावते.

महापालिकेकडे मागणी एवढीच. बाळाला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांची लस द्यायला आई येतेच. पहिल्या खेपेला तिला व्यायाम शिकवा, पुढच्या दोन्ही खेपांना नीट जमतोय का ते पाहा. नवं यंत्र नको, नवी इमारत नको. लसीकरणाच्या दिवशी एक फिजिओथेरपिस्ट आणि एक पडदा लागेल. सासू किंवा नवऱ्यासमोर मात्र विचारू नका. ‘काही त्रास नाही’ असंच उत्तर मिळेल.

— एक निवृत्त परिचारिका, लालबाग, मुंबई